झाकणावरचा बर्फ

सुचेता काम करता करता हरवते, ही तक्रार तिच्या लहानपणापासूनची. मिरजेच्या घरी दूध उतू जायचं तेव्हा ती शेगडीपासून लांब असायची असं नाही. चांगली शेगडीसमोर उभी असायची, दुधाकडे बघत. दूध वर येताना कसं फुगतं, साय कशी ताणली जाते, हे बघण्यात ती इतकी रंगायची की गॅस बंद करायचं राहून जायचं. आई ओरडायची, आत्या कपाळाला हात लावायची आणि हिचं लग्न झाल्यावर सासरचे काय म्हणतील, यावर जेवताना चर्चा व्हायची. सासरचे फारसं काही म्हणाले नाहीत. कारण लग्न झालं आणि शिरीष तिला घेऊन जपानला निघून गेला.

ती वर्षंच तशी होती. पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीतून कोणी ना कोणी कॉम्प्युटरच्या जोरावर परदेशी निघालेलं असायचं. बहुतेकांची विमानं अमेरिकेकडे वळत, शिरीषचं जपानकडे वळलं. आधी तोक्योत निशी-कसाईला राहिले. तिथे खाली उतरलं की तूरडाळ मिळायची, गणपतीत आरतीला माणसं जमायची आणि शेजारच्या स्वप्नाकडे रोज संध्याकाळी चहा व्हायचा. मग शिरीषचं काम नागानोला गेलं, आणि तिथे मराठी माणूस औषधालासुद्धा सापडेना. शिरीष दिवसभर ऑफिसात. सुचेता खिडकीत बसून समोरच्या डोंगरांकडे बघत राहायची. पहिल्या हिवाळ्यात बर्फ पडला तेव्हा कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे तिला कळलंच नाही, आणि भाताची पेज झाली. शिरीषने ती निमूटपणे खाल्ली. त्याचा स्वभाव चांगला आहे, एवढं त्याच्याबद्दल सांगितलं तरी पुरे.

नागानोहून बसने तासाभरावर हाकुबा नावाचं गाव आहे. तिथे बर्फावरून स्कीइंग करायच्या घसरपट्ट्या फार, आणि त्या वर्षांत तिथे ऑस्ट्रेलियन लोक झुंडीने यायला लागले होते. तिकडे उन्हाळा असतो तेव्हा इकडे बर्फ, म्हणून. शिरीषच्या ऑफिसची एकदा तिथे सहल गेली, आणि ज्या लॉजवर ते उतरले त्याच्या मागच्या अंगणात सुचेताने तो टब पहिल्यांदा पाहिला. सगळीकडे बर्फ, आणि मधोमध वाफाळतं पाणी. शिरीष तिला जेवायला बोलवायला आला, तेव्हा तिचे कान लाल झाले होते आणि पापण्यांवर बर्फ बसला होता. लॉजची मालकीण मिसावा-सान खिडकीतून हे सगळं बघत होती. तिला हिवाळ्यापुरतं माणूस हवंच होतं. तिने विचारलं, "सुचेता-सान, तुम्हाला बर्फाची भीती वाटत नाही का?" सुचेता म्हणाली, "भीती वाटायचं सुचलंच नाही."

अशी सुचेता तिथे कामाला लागली. हिवाळाभर सोमवार ते शुक्रवार लॉजवरच राहायचं, शनिवारी-रविवारी शिरीष यायचा. "बी.एस्सी. करून बर्फ झाडणार?" असं तो सुरुवातीला म्हणाला, पण मग त्याने बघितलं की ही आता बोलते, हसते, रात्री गाढ झोपते. मग त्याने तो विषय काढला नाही.

त्या टबाबद्दल थोडं सांगायला हवं. जपान्यांना गरम पाण्याच्या कुंडात बसायचं वेड आहे, पण त्यांची तऱ्हा वेगळी. आधी बाहेर बसून अंग खसाखसा धुवायचं, मग कपड्याचा एक धागाही अंगावर न ठेवता, पाणी न ढवळता कुंडात उतरायचं. ऑस्ट्रेलियन पाहुण्यांना हे झेपत नसे. त्यांना पोहायचे कपडे घालून, हातात बिअर घेऊन, मोठमोठ्याने गप्पा मारत बसायचं असे. म्हणून मिसावा-सानच्या नवऱ्याने मरायच्या आधी हा टब आणून बसवला. मिसावा-सान स्वतः त्यात कधी उतरली नाही. तिच्या मते ते माणसांचं सूप होतं.

सूप म्हटलं की झाकण आलंच. चार बोटं जाडीचं, आत फोम, वरून रेक्झिन, मधोमध घडी पडणारं असं ते झाकण होतं, आणि कडेला पट्टे लावून ते बांधून ठेवायचं. रात्रभर त्यावर बर्फ साचायचा. सकाळी पाहुणे उठायच्या आत तो काढायचा, हे सुचेताचं मुख्य काम. ऐकायला काहीच नाही. पण ह्या एका कामासाठी मिसावा-सानने तिला अख्खा पहिला आठवडा शिकवलं. आधी वर बघ, ती म्हणायची. छपराच्या कडेला बर्फ लोंबत असेल, सुळके लटकत असतील, तर त्याखाली उभी राहू नकोस; डोक्यावर पडला तर झाकणाचं राहूच दे, तुलाच काढावं लागेल. मग पायाखाली बघ. शेगडीतली राख टाक, म्हणजे पाय धरेल. मग झाकण. मऊ झाडू घे, वरचा थर आधी काढ, मधून कडेकडे, जसा पडला तसा थराथराने. सगळा एकदम ढकलायला जाऊ नकोस, बर्फ दिसतो हलका पण कंबर मोडतो. झाकणावर गुडघा टेकायचा नाही, मांजर बसलं तरी हाकलायचं. वर बर्फ असताना उचलायचं नाही. लोखंडी फावडं जवळ आणायचं नाही. मीठ नाही, गरम पाणी नाही. आणि कडक बर्फ धरला असेल तर?

"तर काय करायचं?" सुचेताने विचारलं होतं.

"काही नाही," मिसावा-सान म्हणाली. "खाली गरम पाणी आहे. ते त्याचं काम करेल. आपण चहा प्यायचा."

कधी काही न करता थांबायचं, हे सुचेताला कोणाला शिकवावं लागलं नसतं. तो तर तिचा जन्मजात गुण. आयुष्यभर ज्यासाठी बोलणी खाल्ली, तोच गुण इथे कामाला आला, याचं तिला फार नवल वाटे. पहाटे सगळं निळसर असायचं. झाडू फिरला की बर्फ सुस्कारा टाकल्यासारखा खाली सरकायचा. खालून रेक्झिनचा तपकिरी रंग दिसायला लागायचा आणि तळहात टेकवला की आतली ऊब अगदी पुसट जाणवायची. त्या उबेवर हात ठेवून ती उभी राहायची, आणि त्या उभं राहण्यातच तिला ती कल्पना सुचली. आईला इथे आणायचं. आईला ह्या पाण्यात बसवायचं.

सुचेताची आई, सिंधूताई. मिरजेला रेल्वेच्या नोकरीतल्या नवऱ्याचं घर, त्याचे भाऊ, त्यांच्या बायका, सासूसासरे, शिकायला आलेला कोणी भाचा. एक न्हाणीघर आणि एक तांब्याचा बंब. सकाळी आधी सासऱ्यांची आंघोळ, मग ऑफिसला जाणारे, मग शाळेला जाणारे, मग बाकीचे. सिंधूताई बंबात ढलप्या सारत राहायच्या आणि सगळ्यात शेवटी त्यांचा नंबर लागायचा. तोवर पाणी कोमट झालेलं आणि बादलीत अर्धंच. त्यातही बाहेरून कोणीतरी कडी वाजवायचं. सुचेताला आईची आंघोळ म्हणजे चार तांब्यांचा आवाज एवढीच आठवते. भराभर चार तांबे, आणि आई ओल्या केसांनी स्वयंपाकघरात. पुढे दीर वेगळे झाले, सासूसासरे गेले, बंब जाऊन गिझर आला आणि गेल्या वर्षी सुचेताचे वडीलही गेले. घरात आई एकटी उरली. तरी फोनवर कधी विचारलं की उत्तर तेच, "आंघोळ? केव्हाच झाली! दोन मिनिटांचं तर काम."

ह्या दोन मिनिटांचा सुचेताला राग यायचा. आईने एकदा तरी संपणार नाही इतक्या पाण्यात, कोणाचीही घाई नसताना, गळ्यापर्यंत बुडून बसावं. बाकी जपानमध्ये तिला आईला काहीसुद्धा दाखवायचं नव्हतं.

फेब्रुवारीत सिंधूताई आल्या. नागानोच्या घरी राहिल्या, शिरीषला थालीपीठं करून घातली, कचऱ्याच्या वेगवेगळ्या पिशव्या बघून "हे काय सोवळंओवळं आहे का?" असं विचारलं. मग सुचेता त्यांना हाकुबाला घेऊन आली. टब बघून त्या म्हणाल्या, "बाई गं, उघड्यावर?" दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, पाहुणे आहेत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, वारा आहे. सुचेता रोज त्यांना विनवायची आणि त्या रोज उद्यावर ढकलायच्या. असं करता करता परत जायचा दिवस उद्यावर आला. सकाळची बस पकडून नागानो, तिथून तोक्यो, आणि दुसऱ्या दिवशी विमान. पाहुणेही त्या संध्याकाळी गाव सोडून गेले, लॉज रिकामं झालं. जेवताना सिंधूताई मान खाली घालून म्हणाल्या, "बसेन हो उद्या सकाळी. तेवढ्यासाठी तोंड पाडून नको हिंडूस."

सुचेता आनंदाने नाचायची बाकी राहिली. झोपताना तिने ठरवलं, पहाटे उठायचं, अंगणात आरशासारखी सफाई करायची आणि आईला हाताला धरून न्यायचं.

आणि नेमकी त्या रात्री आधी पावसाची झड आली, मग बर्फ पडला आणि मग आभाळ मोकळं होऊन कडाक्याची थंडी पडली. पहाटे सुचेता बाहेर आली तेव्हा झाकणावर वर भुसभुशीत थर होता आणि खाली पावसाचं पाणी गोठून धरलेला पापुद्रा. ती घाबरली नाही. छप्पर बघितलं, वरचा थर झाडूने काढला. पापुद्रा तसाच ठेवला. उन्हं आली की खालच्या उबेने तासाभरात सुटला असता. हात सुन्न झाले होते, म्हणून ती राख आणायला आणि जरा शेकायला आत गेली. शेगडीपाशी बसली, जाळाकडे बघितलं, आणि व्हायचं तेच झालं. ती हरवली. आई पाण्यात बसली आहे, आई मोठ्याने हसते आहे, असं काहीबाही तिला जाळात दिसत राहिलं.

तेवढ्यात सिंधूताई उठल्या होत्या. खिडकीतून त्यांनी मुलीला गारठलेल्या हातांनी झाडताना पाहिलं होतं. आता मुलगी कुठे दिसेना, झाकणावर बर्फ तसाच चिकटलेला. त्यांचा जीव राहीना. मिरजेला इतकी वर्षं रोज पहाटे दारात सडा घातल्याशिवाय त्यांनी चूल पेटवलेली नव्हती, आणि इथे आल्यापासून सड्यावाचून त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं होतच होतं. दोन्ही कामं एकदम होतील असा त्यांनी विचार केला. न्हाणीघरातून कढत पाण्याची बादली भरली, पदर खोचला, वरून नागानोहून आणलेला शिरीषचा कोट चढवला, आणि मागच्या दारातून बाहेर आल्या. अर्धं पाणी झाकणाच्या कडेकडेने ओतलं. उरलेल्याचा अंगणातल्या लाकडी फळ्यांवर ओंजळीने छान, सारखा, नेटका सडा घातला. फळ्यांमधून वाफा निघाल्या. सिंधूताईंना आपल्या अंगणात आल्यासारखं वाटलं असणार. त्या बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या, कारण वाफ बसता बसता सडा चमकायला लागला होता.

सुचेता राखेचं घमेलं घेऊन कोपऱ्यावरून वळली. पाय पहिल्या फळीवर पडला आणि पुढचं काही तिच्या हातात राहिलं नाही. घमेलं एकीकडे, ती दुसरीकडे, आणि राख दोघींच्या मध्ये उडालेली. कोपर सडकून आपटलं. आई "अगं अगं!" करत पुढे यायला लागली तशी ती किंचाळली, "तिथेच थांब! हलू नकोस!"

मग ती बसल्या बसल्या सरकत टबापाशी गेली आणि तिने झाकण बघितलं. कढत पाणी पापुद्र्याखालून कडेच्या फटीत शिरलं होतं आणि तिथे गोठलं होतं. पट्ट्यांची कुलुपं काचेत बसवल्यासारखी दिसत होती. झाकण आणि टब एक झाले होते.

"काय केलंस हे तू?" सुचेता म्हणाली. "कोणी सांगितलं होतं तुला? एक दिवस, एक दिवस तरी तुला गप्प बसता येत नाही का गं? नाही उघडायचं हे आता! तू जाशील आणि हे उघडणार नाही!"

 हातातली बादली सिंधूताईंनी हळूच खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुझे हात लाल झाले होते गं."

हे ऐकून सुचेताला आणखीच रडू आलं. रडत रडत ती उठली, भिंतीला धरून सामानाच्या खोलीपर्यंत गेली आणि तिथून लोखंडी फावडं घेऊन आली. तिला सगळं पाठ होतं, जवळ आणायचं नाही हेही पाठ होतं. पण बस सकाळची होती. तिने फावड्याचं टोक कडेच्या बर्फाला लावलं, दोन्ही हातांनी जोर घेतला, आणि तिला बर्फाखालचं रेक्झिन दिसलं. एक चीर पडली की आतला फोम पाणी प्यायला लागणार, झाकण दोघींना मिळूनही उचलणार नाही इतकं जड होणार, आणि उरलेल्या हिवाळ्यात ह्या टबात कोणीच बसणार नाही. ह्या झाकणावर ती रोज हात ठेवत आली होती. तिच्याने जोर देववेना. तिने फावडं बाजूला टाकलं आणि तोंड झाकून घेतलं.

"अहो, अहो," मिसावा-सानचा आवाज आला. ती दारात उभी होती, खांद्यावर शाल. तिने चमकणाऱ्या फळ्या बघितल्या, बादली बघितली, शिरीषच्या कोटातल्या सिंधूताई बघितल्या. आणि ती हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सुचेताला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

"मी शिझुओकाची," मिसावा-सान म्हणाली. "चहाच्या मळ्यांचा मुलूख. आमच्याकडे बर्फ पडत नाही. इथे सून म्हणून आले त्या वर्षी मी पुढचं दार गोठलं म्हणून त्यावर किटलीभर गरम पाणी ओतलं. दार दोन दिवस उघडलं नाही. सासरे खिडकीतून ये-जा करत होते. आईंना सांगा."

सुचेताने नाक ओढत सांगितलं. सिंधूताई आधी थबकल्या, मग त्यांनी विचारलं, "सासरे काही बोलले का हिला?"

"नाही. सासू बोलली."

"ती बोलणारच," सिंधूताई म्हणाल्या, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसल्या. सुचेताला हसू येत नव्हतं. तिने विचारलं, आता काय करायचं? मिसावा-सान म्हणाली, तेच, जे आधी करायचं होतं. खाली पाणी गरम आहे.

"पण बस?"

हा प्रश्न जपानीत होता, पण 'बस' सिंधूताईंना कळलं. त्या म्हणाल्या, "दुपारी नाही का एखादी?"

इतके दिवस उद्यावर ढकलणारी ती बाई आपणहून बस सोडायला निघालेली बघून सुचेता रडायची थांबली. शिरीषला फोन केला. तो आधी वैतागला, मग वेळापत्रक बघून म्हणाला, "दुपारच्या बसने या, पण ती चुकवू नका बाबा." मग तिघींनी मिळून फळ्यांवर राख पसरली, गवताच्या जुन्या चटया अंथरल्या, आणि मिसावा-सानने माळ्यावरच्या दोन जाड, विटक्या रजया काढल्या. त्या टबाच्या कडेभोवती लपेटल्या, म्हणजे वारं लागणार नाही आणि आतली ऊब कडेशी टिकून राहील. गोठलेल्या त्या टबाला असं पांघरूण घालताना सिंधूताईंनी टोकं नीट खाली खोचली. त्यांना ते काम बरोबर जमलं.

आणि मग दाराशी बाक टाकून तिघी बसल्या. उन्हं झाडांवरून खाली उतरत होती. छपरावरून बर्फ सुटून लांब कुठेतरी धप्पकन पडे आणि पुन्हा सगळं गप्प होई. मिसावा-सानने वाळवलेली गोड पर्सिमनची फळं आणली, सिंधूताईंनी पिशवीतून बेसनाचे लाडू काढले. दोघी सुचेताकडे न बघता एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत होत्या, आणि त्यांचं बरं चाललं होतं. मधूनच काही अडलं की सुचेताला हाक. अशीच एकदा हाक आली. मिसावा-सान विचारत होती, आईंना टबात बसवायचं एवढं का मनावर घेतलंत?

सुचेताने न्हाणीघराचं सांगितलं. बंबाचं सांगितलं. शेवटचं पाणी, चार तांबे, बाहेरून वाजणारी कडी.   मिसावा-सान म्हणाली, आमच्याकडे सगळं घर एकाच टबातल्या पाण्यात उतरतं. आधी सासरे, मग नवरा, मग मुलगे, मग सासू. सुनेचं पाणी शेवटचं. वर तरंगणारे केस वेचायचे, आणि मग उतरायचं. "पहिल्या पाण्याला आमच्यात मान असतो. इचिबानबुरो म्हणतात. तो मला कधी मिळाला नाही, आणि आता घरात एकटी आहे तर रोजच मिळतो. एकटीने कसला आलाय मान?"

सुचेताने हे आईला सांगितलं. सिंधूताईंनी मिसावा-सानचा हात आपल्या हातात घेतला आणि तो तसाच मांडीवर ठेवून दिला.  उन्हं रजयांवर आली होती आणि त्यांतून बारीक वाफ उठत होती.

सुचेता अधूनमधून उठून रजईखाली हात घालून बघत होती. कडेचा बर्फ आधी कोरडा लागायचा, मग ओला लागायला लागला. मग कुठेतरी आत टक् असा बारीकसा आवाज झाला. तिने ओढाओढ केली नाही. पुन्हा बाकावर येऊन बसली. थोड्या वेळाने पट्ट्याचं कुलूप बोटांनी नुसतं हलवलं तर ते सुटून हातात आलं. दुसरं सुटलं. तिने रजया काढल्या, आणि कडेचा बर्फ अखंड पट्टीच्या पट्टी हातात येऊन खाली उतरला. वरचा पापुद्राही मऊ पडला होता, तो झाडूने लोटला तसा सगळाच सरकला. रेक्झिन शाबूत होतं. सुचेताने त्यावर सगळीकडून हात फिरवून बघितला, आणि तिला इतकं बरं वाटलं की आई समोर असूनही तिने झाकणाला हळूच थोपटलं.

झाकणाचा अर्धा भाग दोघींनी, सुचेताने आणि मिसावा-सानने, पाठ ताठ ठेवून, तोंड बाजूला करून उचलला आणि घडी करून मागे टेकवला. वाफेचा लोट वर गेला.

आता पुढचं भांडण. मिसावा-सान म्हणाली, पहिलं पाणी आईंचं. सिंधूताई म्हणाल्या, "छे! घर त्यांचं, वयाने त्या मोठ्या. आधी त्या, मग मी आहेच." मिसावा-सान म्हणाली, पाहुण्यांच्या आधी उतरले तर मला लाज वाटेल. सिंधूताई म्हणाल्या, मला वाटते त्याचं काय? सुचेता दोघींमध्ये उभी राहून दोन्हीकडची वाक्यं इकडून तिकडे नेत होती आणि तिला काळजी वाटायला लागली की ह्या दोघी शेवटच्या पाण्यासाठीच भांडत दुपार करणार. शेवटी मिसावा-सान वाकली. नमस्कार करतात तशी पूर्ण कमरेतून वाकली, आणि वाकूनच राहिली. सिंधूताई गोंधळल्या. "अहो, उठा हो," म्हणाल्या. ती उठेना.

"आई, तू हो म्हटल्याशिवाय त्या उठणार नाहीत," सुचेता म्हणाली.

"कंबर धरेल त्यांची!" सिंधूताई म्हणाल्या. "बरं. हो. जाते मी."

आत जाऊन त्यांना आधी अंग धुवावं लागलं. "आंघोळ करून मग आंघोळीला जायचं?" असं त्या दाराआडून दोनदा म्हणाल्या. मग जुन्या सुती गाऊनमध्ये, केसांचा अंबाडा घट्ट बांधून, थंडीने कुडकुडत त्या बाहेर आल्या. सुचेताने एक हात धरला, राखेवरून, चटईवरून नेलं, पायऱ्या चढवल्या. पाण्याला पाय लागताच त्यांनी "आई गं," म्हटलं. दुसरा पाय. मग कमरेपर्यंत. मग त्या आत बसल्या. पाणी गळ्याशी आलं, आणि गाऊन फुगून वर तरंगायला लागला.

आभाळ पुन्हा भरून आलं होतं आणि बर्फाचे मोठे, सावकाश कण खाली यायला लागले होते. सुचेता टबाशेजारच्या पायरीवर बसली. हेच, हेच तिने बघितलं होतं. आता आई डोळे मिटेल, तिला वाटलं.

सिंधूताईंनी भराभर मान चोळली. कोपरं चोळली. कानामागे पाणी लावलं, पाठीवर हात पोचेल तिथवर पोचवला, तोंडावरून ओंजळ फिरवली. आणि कठड्याला धरून उठल्या.

"चला. झाली माझी," त्या म्हणाल्या. "छान आहे हो पाणी. त्यांना हाक मार."

 सुचेताला रागवावं असं वाटलं, पण कोणावर रागवायचं ते कळेना. आई पाण्यात उभी होती, गाऊनमधून पाणी निथळत होतं, आणि तिची नजर दाराकडे होती.

"आई," सुचेता म्हणाली. "बाहेर कोणी थांबलेलं नाही."

"अगं, त्या आहेत ना."

"त्या आत गेल्या. दार लावून घेतलंय त्यांनी. पडदाही ओढलाय."

सिंधूताईंनी दाराकडे बघितलं. ते लावलेलं होतं. मग त्यांनी अंगणाकडे बघितलं, झाडांकडे बघितलं, त्यामागच्या पांढऱ्या उताराकडे बघितलं. तिथे माणूस म्हणून कोणी नव्हतं.

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

थंडीने त्यांना काटा आला. त्या हळूहळू खाली बसल्या. पाणी पोटाशी आलं, छातीशी आलं, गळ्याशी आलं. हातांना काय करावं ते सुचेना, तसे ते पाण्यावर तरंगत राहिले.

"हे निवणार नाही ना गं?"

"नाही निवत."

"आणि संपत?"

"नाही, आई."

सिंधूताईंनी मान मागे टेकवली. बराच वेळ त्या वर बघत राहिल्या आणि मग त्यांनी डोळे मिटले. बर्फ त्यांच्या कपाळावर पडून विरघळत होता, पण केसांवरचा विरघळत नव्हता. तिथे तो बसत होता, थरावर थर. सुचेताचा हात सवयीने तो झाडायला पुढे गेला. अर्ध्या वाटेत तिने तो मागे घेतला आणि आईच्या केसांवर बर्फ साचू दिला.